लिव्ह-इन मोडलं, आता फ्लॅट कोणाचा?

चहाबाज
मैत्रीण ७ वर्षं त्याच्याबरोबर वाकडला राहिली. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ताही त्याच्याच खात्यातून. किराणा, लाइटबिल, मेंटेनन्स, सोफ्यापासून गीझरपर्यंत सगळं हिचं. आता मोडलं. तो घरमालक, ही दोन बॅगा घेऊन पीजीत. इतकी वर्षं एकत्र राहिलेल्यांसाठी वाटणीचा कायदा हवाच, असं माझं ठाम मत.

वाटसरू
लग्न केलं असतं तरी फ्लॅट मिळाला नसता. नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा आपोआप अर्धा वाटा आपल्याकडे नसतो. गोव्यात असतो, पण तिथेही लग्न लागतं. जबाबदारी नको म्हणून लग्न टाळायचं आणि मोडल्यावर हक्क मागायचे, हे कसं चालेल? रजिस्टर लग्नाला ३० दिवसांची नोटीस पुरते.

काळा कोट
अगदीच वाऱ्यावर नाही हो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात 'विवाहसदृश संबंध' येतात आणि आर्थिक छळही हिंसाच धरलाय. राहत्या घरातून काढलं तर बाई मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकते, घर कोणाच्याही नावावर असो. पण वेलुसामी खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: दोघं लग्नाला मोकळे हवेत, बराच काळ राहिलेले हवेत, चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. इंद्रा सरमा प्रकरणात (२०१३) तो आधीच विवाहित होता आणि तिला ते माहीत होतं. बरीच वर्षं एकत्र राहूनही हाती काही लागलं नाही.
आणि छळ नसेल, नुसतं पटलं नाही म्हणून वेगळे झालात, तर हा कायदा कामाचा नाही. पुरुषाला तर त्यात अर्जच करता येत नाही.

वाटसरू
नवा कायदा म्हणजे उत्तराखंडचा समान नागरी कायदा. महिनाभरात लिव्ह-इनची नोंदणी करा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. हवंय?

चहाबाज
त्याच कायद्यात सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते, ते बरं गाळलंत!

खिडकीपाशी
आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. भांडण नाही, काही नाही. त्याने आपला अर्धा हिस्सा मला बक्षीस द्यायचा ठरवला. बायकोला राहतं घर दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. आम्ही कागदोपत्री परके, म्हणून खरेदीखतासारखं बाजारभावावर. शिवाय परक्याकडून ५०,००० च्या वरची भेट म्हणजे माझ्या उत्पन्नात धरणार. कर्जातून त्याचं नाव काढायला बँक तयार नाही ते वेगळंच. वाटसरू, यात जबाबदारी कोणी टाळली?

वाटसरू
हा मुद्दा मान्य. शुल्काचं बदलायला हवं. पोटगीचं नाही.

चहाबाज
काल मैत्रिणीला घेऊन वकिलांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "सोसायटीत तुम्हाला काय म्हणून ओळखायचे?" ती गप्प. लोक बोलतील म्हणून ७ वर्षं तिथे सांगितलं होतं, मी त्याची मावसबहीण.