शब्दचर्चा: पाडलेलं, उतरवलेलं, रचलेलं, मांडलेलं

प्रश्न: उघड्यावर दगड, माती आणि जुन्या घरांच्या सामानातून केलेली कलाकृती. लोकांनी तिच्यापाशी निवांत बसावं, बघावं, एवढाच हेतू. हिला मराठीत काय म्हणावं? 'टाकाऊतून टिकाऊ' पटत नाही.

प्रतिसाद १: नकोच तो शब्द. त्या सामानाला आधीच टाकाऊ ठरवून मोकळं होतो आपण. घर 'पाडलं' की राडारोडा उरतो: विटांचे तुकडे, चुन्याचे पापुद्रे. घर 'उतरवलं' की तुळया, चौकटी, घडीव दगड हाती येतात. कौलं एकेक करून खाली घेतात, म्हणून ती 'उतरवतात'. उतरवलेल्या तुळईवर कड्या (छताची आडवी बारीक लाकडं) बसायच्या त्या खाचा तशाच असतात. त्या बुजवू नयेत, बघणाऱ्याची नजर तिथंच थांबते. म्हणून मी 'उतरवलेला माल' म्हणेन. अर्थात राडारोडाही कमी नाही. नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास चंदीगडचं रॉक गार्डन घडवायला घेतलं, ते शहरासाठी पाडलेल्या गावांच्या राडारोड्यातूनच.

आता क्रियापद. 'बांधणं' म्हटलं की चुना किंवा सिमेंट आलं. 'रचणं' म्हणजे दगडाला दगडाचाच आधार. गडगा, म्हणजे चुन्याशिवायची दगडी भिंत, रचताना खालच्या दोन दगडांमधला सांधा वरच्या दगडाने झाकतात, दगड डुगडुगला तर खाली कपची सारतात. 'मांडणं' आणखी वेगळं, तिथं दगड एकमेकांना टेकतही नाहीत. क्योटोच्या र्योआन-जी मंदिरातल्या बागेत १५ दगड मांडलेले आहेत, आणि ओसरीवर कुठंही बसलं तरी एखादा नजरेआड राहतोच. मधली मोकळी रेतीही त्या मांडणीचाच भाग.

'इन्स्टॉलेशन'साठी 'मांडणशिल्प' रूढ आहे, पण त्यात निवांतपणा येत नाही. 'चिंतनशिल्प' म्हणावं का?

प्रतिसाद २: चिंतनात समोरची वस्तू सुटते, मन विषयाकडे जातं. 'ध्यानशिल्प' का नको?

प्रतिसाद १: ध्यानात तर डोळे मिटतात.

प्रतिसाद २: ध्यानाला बसताना मिटत असतील. 'ध्यान देऊन बघ', 'ध्यानात आलं', 'ध्यान ठेव' यांत ते उघडेच असतात.

प्रतिसाद १: खरंच की. माझ्या डोक्यात ध्यानाला बसणंच होतं. 'ध्यानशिल्प' मान्य.

प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. माझ्या कामात गडग्यासारखी अर्धगोल भिंत आहे आणि तिच्यासमोर बसायला जुनी तुळई. फलकावर लिहितो: 'ध्यानशिल्प. रचलेला दगड, उतरवलेलं लाकूड.'