आण्णांना रोज वाचून दाखवायला डिटेक्टिव्ह सिरीज सुचवा

परभणीचा पाव्हणा:
मंडळी मदत पाहिजे. आमच्या आण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, उन्हाळ्यापासून वाचणं बंदच आहे. एसटीत कंडक्टर होते, मुक्कामाच्या गाडीत बॅटरीच्या उजेडात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडायचे, झुंजार संपला की काळा पहाड अन् काळा पहाड संपला की परत झुंजार. आता रोज रात्री जेवणं झाली की मी वाचून दाखवायलोय. अडचण अशी की सुटं पुस्तक त्यांना चालत नाही, "आत्ता कुठं माणसाची वळख झाली अन् संपलं पण?" मनतात. तर डिटेक्टिव्ह एकच पाहिजे, पुस्तकं लई पाहिजेत. शेरलॉक होम्स सांगू नका, ४ कादंबऱ्या अन् ५६ गोष्टी, सगळं झालंय.

जालन्याची वाचनवेडी:
आण्णांना नमस्कार सांगा 😀 माझं मत फेलूदा. सत्यजित राय यांचा बंगाली डिटेक्टिव्ह. मराठीत अशोक जैन यांनी केलाय, वाचून दाखवायला एकदम सोपा, वाक्यं तोंडात अडकत नाहीत. फक्त पहिल्या गोष्टीपासून सुरू करू नका, १९६५ ची दार्जिलिंगची ती लहानशी आहे अन् त्यात जटायू नाही. जटायू म्हणजे लालमोहन गांगुली, रहस्यकथा लिहिणारा, पुस्तकात तपशिलाच्या ढीगभर चुका करणारा अन् फेलूदानं चूक काढली की पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणणारा. तो राजस्थानच्या कादंबरीत रेल्वेत भेटतो, तिथून धरा. आणि त्याच्यानंतर लगेच वेरूळची! भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातलं यक्षीचं शिर चोरीला जातं अन् त्याचा माग काढत तिघं, म्हणजे फेलूदा, त्याचा चुलत भाऊ तोपशे अन् जटायू, आपल्या औरंगाबादला येतात, कैलास लेण्यात. मी शाळेच्या सहलीत तिथं डबा खाल्लाय हो, पण ती वाचल्यापासून लेण्यात शिरलं की आधी खांबामागं कोण उभंय का ते बघते.

उदगीरवाला:
ताई फेलूदा चांगलाच आहे पण तो 'संदेश' या पोरांच्या मासिकात यायचा, त्यात बायका जवळपास नाहीतच, अन् आण्णांनी आयुष्यभर झुंजार वाचलाय, त्यांना हे सपक लागंल. ब्योमकेश बक्षी घ्या, तो पण बंगाली डिटेक्टिव्हच. हिंदीत मिळतो, अन् निजामाच्या मुलखातल्या माणसाला हिंदीची काय अडचण. १९३२ पासून शरदिंदु बंद्योपाध्यायांनी लिहिला, मध्ये पंधराएक वर्षं बंद ठेवला, परत सुरू केला. मजा अशी की हा माणूस म्हातारा होतो. मेसमधल्या खोलीत सुरुवात, मग एका केसमधलीच सत्यवती बायको होते, पोरगं होतं, एका गोष्टीत तर कलकत्त्यात दंगली चालू आहेत. फेलूदाचं वय फारसं हलतच नाही. आपल्याला डिटेक्टिव्हसोबत संसार केल्यासारखं वाटलं पाहिजे ना राव, नायतर सिरीज कशाला?

जालन्याची वाचनवेडी:
मला उलटंच वाटतं दादा. वय हलत नाही म्हणूनच तर परत परत जाते मी त्याच्याकडं. चोर कोण हे मला बऱ्याचदा आधीच कळतं, काही तर चार-चार वेळा वाचल्यात, चोर पाठ आहे. तरी वाचते कारण ते तिघं नव्या गावाला निघाले की आपण पण बॅग भरल्यासारखं वाटतं. सासरी आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, ही तीन माणसं होती. असो.

परभणीचा पाव्हणा:
दोघांचं पण पटायलंय. उदगीरवाले, संसाराचं खरं आहे, पण आण्णांना एक वेगळीच खोड आहे, ते लेखकाची चूक पकडतात. होम्स वाचताना पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला गोळी लागलेली अन् दुसरीत पायाला, तर मला थांबवून मनले मागचं पान काढ. तिकीट तपासल्यासारखं. त्या रात्री इतके खूष होते की दूध पण न कुरकुरता पिलं.

उदगीरवाला:
😂 मग दोन्ही घ्या. एक आड एक रात्र.

परभणीचा पाव्हणा:
अपडेट. फेलूदा सुरू केला, ताईंनी सांगितलं तसं राजस्थानपासून. आण्णांचा पहिला प्रश्न, हे तोपशे पोरगं सारखं दादासंगं हिंडायलंय, शाळंत कधी जातंय? जटायू आवडला. अन् फेलूदा चारमिनार ओढतो हे कळल्यावर तर एकदम उठूनच बसले, "आपल्या हैद्राबादची सिगरेट!" मनले. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप पुढचं पान काढलं, कारण १२ वर्षं झाली त्यांची सोडून. आता रोज विचारायलेत, पाकीट कितीला घेतलं ते लिवलंय का बघ.