रुग्णालयात स्वयंसेवक व्हायचंय, पण रक्त बघवत नाही

दुपारमोकळा:
निवृत्त होऊन चार महिने झाले. घरातली सगळी कपाटं दोनदा लावून झाली, आता बायकोच म्हणते, जरा बाहेर पडा. जवळच्या रुग्णालयात लिफ्टपाशी ‘स्वयंसेवक हवेत’ असा कागद पाहिला. मंगळवार-गुरुवार दुपारी तीन तास देऊ शकतो. अडचण एकच. रक्त पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागे तपासणीच्या रांगेत पुढच्या माणसाला सुई टोचताना बघून मीच खाली बसलो होतो. तिथे नेमकं काय काम देतात? की सिस्टरना माझ्या रूपाने आणखी एक पेशंट मिळेल?

हजेरीवही:
रक्ताचं मनातून काढा. सात वर्षं जातेय, रक्त तीनदा पाहिलं असेल, त्यातलं एक माझ्याच बोटाचं, कागदाने कापलेलं. ड्रेसिंग, सलाईन, औषधं यांना आपण हातच लावायचा नसतो. माझं पहिलं वर्ष ‘एक्स-रे ना? सरळ जाऊन डावीकडे’ एवढंच म्हणण्यात गेलं. हसू नका. घाबरलेल्या माणसाला समोरची पाटी वाचता येत नाही. डोळे पाटीवर असतात आणि लक्ष हातातल्या रिपोर्टवर. मग मी सांगत बसत नाही, सोबत चालायला लागते.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. रक्तापेक्षा पाण्याला भ्या.

दुसऱ्याच महिन्यात मी घोळ घातला. एका आजोबांनी पाणी मागितलं. ओठ पार सुकलेले, त्यातून आवाज असा की नाही म्हणवेना. अर्धा ग्लास दिला, गटागटा प्यायले, ‘सुखी राहा’ म्हणाले. मी हवेत! दहा मिनिटांनी त्यांना ऑपरेशनला न्यायला सिस्टर आल्या. पलंगाला ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी पाटी होती आणि तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून साधारणपणे जेवण 6 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद करतात. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. वहीत लिहून त्याखाली रेघही मारली होती! त्यांचा नंबर यादीत शेवटी गेला. सकाळपासून उपाशी माणूस संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला, माझ्या चांगुलपणापायी. त्यांचा मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कुणी पाणी मागो, उशी उंच करायला सांगो, ‘सिस्टरना विचारून येते’ हे माझं ठरलेलं वाक्य. लोक चिडतात. चिडू द्यावं. मात्र विचारून परत यायचं. ‘येते’ म्हणून गेलेले खूप जण असतात तिथे.

रात्रपाळी:
मी वॉर्डमधली सिस्टर, त्यामुळे वरचं वाचून हसले आणि कपाळालाही हात लावला. माझ्याकडून थोडं. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आजच सुरू करा, 3 डोस असतात, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत 6 महिने जातात. हात साबणाने धुवायचे तर 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझर चोळायचं तर 20 ते 30. जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत, तिथे साबण-पाणीच. सर्दी-ताप असेल त्या दिवशी कृपा करून घरी थांबा, आम्ही रागावत नाही.

व्हीलचेअर मात्र नीट शिकून घ्या. आधी दोन्ही ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर, मगच माणूस बसवायचा. लिफ्टमध्ये नेताना खुर्ची उलटी आत ओढायची, म्हणजे बाहेर पडताना पेशंटचं तोंड दाराकडे राहतं. घसरलेल्या पेशंटला एकट्याने उचलायला जाऊ नका, हाक मारा.

आणि ‘आमच्या मेहुण्यालाही हेच झालं होतं’ हे वाक्य गेटवरच ठेवून या. मेहुण्याचं पुढे काय झालं, हे पेशंट विचारणारच.

खुर्ची_क्रमांक_दोन:
मी नातेवाइकांच्या बाजूचा. वडील 78 वर्षांचे, खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री बरळायला लागले. मला ओळखेनात, सलाईनची नळी ओढायचे. आम्ही सगळे ‘बाबा, शांत पडा’ एवढंच घोकत होतो. संध्याकाळी एक स्वयंसेवक काका आले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘यांचा चष्मा कुठाय?’ चष्मा आणि कानाचं यंत्र, दोन्ही ड्रॉवरमध्ये! माझा बाप तीन दिवस धूसर आणि जवळजवळ मुक्या जगात पडून होता आणि आम्हाला सुचलं नाही. काका सिस्टरना विचारून आले, चष्मा पुसून चढवला, आज वार कोणता ते सांगितलं, पडदा सरकवून खिडकी दाखवली. रोज अर्धा तास यायचे. औषधंही बदलली होती, त्यामुळे श्रेय कुणाला किती ते मी सांगू शकत नाही.

नंतर वाचलं, तर हे काम शास्त्रशुद्धपणे करतात. शॅरन इनोये या डॉक्टरांनी 1993 मध्ये येल विद्यापीठाच्या रुग्णालयात असा उपक्रम सुरू केला: चष्मा, ऐकायचं यंत्र, गप्पा, चालवणं, झोप. त्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा. 1999 मध्ये आलेल्या अभ्यासात 852 वृद्ध रुग्ण होते. नेहमीच्या देखभालीत 15 टक्क्यांना असा भ्रम झाला, या पद्धतीत 9.9 टक्क्यांना.

दुपारमोकळा:
सगळ्यांचे आभार. फॉर्म भरून आलो, पुढच्या गुरुवारपासून चौकशीच्या टेबलावर. ‘सिस्टरना विचारून येतो’ पाठ केलंय. लसीचा पहिला डोसही झाला. सुई टोचेपर्यंत छताचे चौकोन मोजले. 22 भरले. या खेपेला खाली बसलो नाही, फक्त भिंतीला टेकलो.