प्राचीन कोरीव दगडी भांडी नुसती शोभेची नव्हती
प्राचीन इराणातल्या इतक्या कोरीव दगडी भांड्यांचा उपयोग काय, नुसती शोभा, असा प्रश्न पडतो. मला तसं वाटत नाही. इराणच्या केरमान प्रांतातल्या तेपे याह्या या प्राचीन वस्तीचंच उदाहरण घ्या. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात तिथे क्लोराइटची भांडी घडवत. हा हिरवट-काळसर दगड आपल्या शंखजिऱ्यासारखा मऊ, त्यामुळे लोखंडाशिवायही कोरता येतो. उत्खननात तिथे अर्धवट घडवलेली भांडी आणि कच्चा दगड मिळाला, म्हणजे कारखाना तिथलाच.

तशाच नक्षीची भांडी आजच्या इराक-सीरियातल्या उर, निप्पूर, मारी या प्राचीन शहरांत, शिवाय इराणी आखातातल्या तारूत बेटावरही सापडली. निप्पूरला ती देवळात मिळाली, उरला थडग्यांतही. म्हणजे रोजच्या चुलीवरची नव्हेत, देवाला वाहायची आणि मानाची. इराकमधल्या प्राचीन अक्कड राज्याचा राजा रिमुश याने तर पूर्वेकडच्या स्वारीत लुटून आणलेल्या दगडी भांड्यांवर आपलं नाव कोरून घेतलं. त्यामुळे प्रत्येक भांडं व्यापारातूनच गेलं असं धरू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटिश म्युझियममधलं, इराकमधल्या खफाजे इथलं असंच भांडं जरूर पाहा. जेमतेम वीतभरसुद्धा उंच नाही, पण त्यावरच्या बैलांना चक्क वशिंड आहे, अगदी आपल्या खिलारसारखं!

२००१ नंतर केरमान प्रांतातल्याच जिरोफ्टला प्राचीन थडगी लुटली गेली आणि शेकडो भांडी संदर्भाविना बाजारात गेली. कुठल्या थडग्यात, कुणाच्या उशाशी होती, हे आता कधीच कळणार नाही. याचं खरंच वाईट वाटतं.