मदत हवी आहे : मुलाने रंगवलेल्या पणत्या तेल पाझरतात

सातवीतला मुलगा दिवाळीला सोसायटीत (कोथरूड) रंगवलेल्या पणत्या विकणार आहे. भांडवल म्हणून ५०० रुपये उसने दिलेत, ते फेडून उरेल तो त्याचा पॉकेटमनी. पणत्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणल्या, भाजलेल्या आहेत. रात्रभर पाण्यात भिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, बाहेरून पांढरा प्रायमर आणि वर अ‍ॅक्रिलिक रंग, असं तो स्वतः करतो.

अडचण अशी, की तेल घालून रात्रभर ठेवलं की बुडाशी ओलसर काळपट वर्तुळ उमटतं, सकाळी रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि फरशीवर डाग पडतो. माती सच्छिद्र, आतून कोरी, म्हणजे तेल झिरपणारच. भिजवल्याने सुरुवातीला तेल कमी शोषलं जातं, पण पाणी उडालं की पुन्हा तेच. आतून पातळ मेण फिरवून पाहिलं. वात पेटल्यावर ते वितळून तेलात मिसळतं. आतून रंग किंवा वॉर्निश लावायचं नाही, ज्योत जवळ असते. मेण भरूनच विका असं सुचवू नका, गिऱ्हाइकांना तेलाच्याच हव्या आहेत. खाली बशी देणं परवडत नाही.

काम त्यानेच करायचं आहे, त्यामुळे भट्टी किंवा उग्र वासाचं थिनर नको. बाराव्या वर्षी हाताने करता येईल, ज्योतीजवळ सुरक्षित राहील आणि निदान चार-पाच तास तेल धरेल असा आतला लेप कुणी वापरलाय का? कशाचा, किती हात, आणि वाळायला किती वेळ द्यायचा?