धागा: कोकणातली गोष्ट पडद्यावर आली की तुम्ही काय पारखता?

रत्नागिरी (धागा सुरू करतेय)

कोकणात घडणारी मालिका किंवा सिनेमा आला की पहिली दाद जाते माडांना, खाडीला आणि कौलारू घरांना. त्या घरात राहणारी माणसं खरी वाटली का, गोष्ट मध्येच का अडखळली, यावरचं बोलणं मात्र 'मस्त' आणि 'बोअर' यांच्या पुढे सरकत नाही. रंगभूमी, बोली, संकलन, आवाज, समुद्र यांतलं ज्यांना जे कळतं त्यांनी लिहावं: तुम्ही बोट नेमकं कशावर ठेवता, आणि जमलं नाही तर का जमत नाही. आवडते-नावडते कलाकार हा विषय नको.

मी जेवणाच्या प्रसंगापासून सुरुवात करते. ताटात बांगडा असेल तर नट काटा काढतो का ते बघा. इथला माणूस बोटांनी मांस सोडवतो, मधला काटा सबंध उचलून ताटाच्या कडेला ठेवतो, आणि हे सगळं बोलता बोलता, ताटाकडे फारसं न बघता. नवखा नट भात नुसता ढवळत राहतो. त्याला कारण आहे. एकच प्रसंग पाच-सहा वेळा चित्रित होतो, दर वेळी खरं जेवलं तर पोट भरतं, आणि तोंडात घास असला की वाक्य तुटतं. जाणता नट घास लहान घेतो आणि कुठल्या शब्दाला हात तोंडाशी न्यायचा ते पक्कं ठरवतो, म्हणजे दुसऱ्या कोनातून चित्रण झालं तरी हात जुळतो.

खोबरं खोवणाऱ्या बाईचंही तसंच. हातातली वाटी सतत फिरायला हवी, कारण पांढरं संपून करवंटी लागली की पातं काळं खरवडू लागतं. मालिकेत दोन मिनिटांच्या संवादभर वाटी एकाच जागी घासली जाते आणि ताटलीतला चव (खोवलेलं खोबरं) वाढत नाही.

कुडाळ, बोलीवर काम करणारे

मालवणीचा कस क्रियापदात लागतो. 'माका', 'तुका' सगळ्यांना येतं. 'घराक', 'बाजाराक', 'तेका' हेही नट दोन दिवसांत उचलतो. अडतो तो 'मी जातंय', 'मी इलंय', 'तू खय गेल्लंस' इथे. शांत प्रसंगात पाठ केलेलं नीट निघतं. भांडताना नाहीतर रडताना जीभ आपल्या घरी परतते आणि 'मला म्हायत नाय' असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं बाहेर पडतं. म्हणून बोली तपासायची तर रागाच्या प्रसंगात तपासा.

दुसरी गोष्ट सुराची. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं आणि मालवणी मुंबईच्या रंगमंचावर मानानं उभी राहिली. पण त्यानंतर पुष्कळ नटांच्या कानात मालवणी म्हणजे विनोदाचीच चाल बसली: वाक्याच्या शेवटी आवाज वर, शेवटचं अक्षर लांब. मयताच्या घरातही तीच चाल लागली की प्रसंग तिथेच कोसळतो. दुःखातली मालवणी खालच्या पट्टीत असते, शब्द कमी, 'गो' आणि 'रे' जवळजवळ गिळलेले.

आणि एका घरात सगळे एकच बोली बोलत नाहीत. मुंबईला नोकरी करणारा झील (मुलगा) आवशीशी (आईशी) मालवणी बोलतो, बायकोशी प्रमाण मराठी, आणि दोघी समोर असल्या की वाक्य मध्येच रूळ बदलतं. 2016 साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेच्या पहिल्या पर्वात दोन्ही भाषा एकाच घरात नांदल्या, म्हणून ते घर खरं वाटलं. लेखकाला हे सुचलं असेल तर निम्मा अभिनय कागदावरच झालेला असतो.

गुहागर, हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन

कुडाळकरांशी मी अर्धाच सहमत. बोली चुकलेला पण ऐकणारा नट मला बोली अचूक आणि बहिरा असलेल्या नटापेक्षा जास्त पटतो. सगळे बोलणाऱ्याकडे बघतात, पारख मात्र न बोलणाऱ्यावर करावी. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ज्याच्या चेहऱ्यावर उत्तर उमटतं त्याला संहिता पाठ आहे, बातमी मात्र पोचलेली नाही. दारावर थाप पडायच्या आधी मान वळणं हाही तोच दोष.

सगळ्यात सोपी परीक्षा फोनची. पलीकडे कुणी नसतं, त्यामुळे 'हॅलो... काय?... कधी?... बरं, निघतो' यातले ठिपके नटालाच भरायचे असतात. घड्याळ लावून बघा. 'आबांना हॉस्पिटलात नेलंय, तू लगेच ये' एवढं म्हणायला तीन सेकंद तरी लागतात. पडद्यावर अर्ध्या सेकंदात 'काय?' येतं. चांगला नट पलीकडचं वाक्य मनात पूर्ण म्हणतो, आणि धक्का वाक्याच्या शेवटी बसत नाही, 'हॉस्पिटल' या शब्दाला बसतो.

म्हातारपण आवाज थरथरवून होत नाही. बसताना बघा. म्हातारा माणूस आधी हातानं आधार शोधतो, मग एक गुडघा, मग बाकीचं अंग. उठताना पहिल्या झटक्यात उठत नाही. तरुण नट पाठ वाकवतो पण खुर्चीत सरळ टेकतो. 'नारबाची वाडी'त (2013) गोष्टच मुळी म्हातारा मेला की त्याची वाडी आपली, या सौद्यावर उभी आहे. तिथे दिलीप प्रभावळकरांचं म्हातारपण आपल्याला पटलं नसतं तर सौदा करणाऱ्याची आशाही पटली नसती. एका नटाच्या शरीरावर सगळं कथानक तोललेलं असतं ते असं.

वेंगुर्ला, रापणीचा माणूस

आमचा सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो सह्याद्रीच्या बाजूनं, आणि किनाऱ्यावर ऊन पोचायला वेळ लागतो. तरी 'पहाट झाली' म्हणून समुद्रातून वर आलेला लाल गोळा दाखवतात. तो संध्याकाळी घेतलेला असतो. ओळखायचं असेल तर वाळू बघा. रात्रीच्या भरतीनं धुतलेली पहाटेची वाळू सपाट असते, संध्याकाळची पावलांनी तुडवलेली.

भरती-ओहोटीचाही मेळ बघा. भरती दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. पाच मिनिटांच्या संवादात नायिकेच्या मागे ओली वाळू वीस पावलं पुढे-मागे होत असेल तर ते चित्रण निरनिराळ्या वेळचं आहे.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं हातांचं काम नाही. होडी जाळं अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्या ओढतात, हळूहळू एकमेकींकडे सरकत. ओढणारा टाचा वाळूत रुतवून अंगाचा भार मागे टाकतो आणि मागे चालतो. पडद्यावर दंड फुगवून हातांनी ओढतात आणि दोर मधेच सैल दिसतो. तिकडे जाळंच नसतं म्हणून. दोर ताठ नसेल तर चेहऱ्यावरच्या कष्टाला काही अर्थ नाही.

आणखी एक, हे लेखकांसाठी. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. जुलैच्या पावसात नायक ट्रॉलर घेऊन रोजच्या धंद्याला जात असेल तर त्या घरात कुणी काही विचारत कसं नाही, हा कथेतला दोष झाला. बंदीतले दोन महिने घरात पैसा नसतो, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

कणकवली, दशावतारी मंडळासोबत पेटीवर

कथेबद्दल लिहितो. दशावतारात, म्हणजे आमच्या जत्रेतल्या लोकनाट्यात, आख्यान प्रेक्षकाला बहुधा माहीत असतं. शेवटी कोण मरणार हेही माहीत असतं. छापील संवाद नसतात. प्रयोगाआधी प्रवेश ठरतात आणि बोलणं नट रंगमंचावर रचतो. तरी माणसं जत्रेत पहाटेपर्यंत बसतात, कारण ओढ 'काय होणार' याची नसते, 'हा त्याला कसा सामोरा जाणार' याची असते. मालिकेची गोष्ट पारखायला हाच गज लावावा. शेवट आधी सांगितला तरी बघावंसं वाटतं का?

'रात्रीस खेळ चाले'ची सुरुवात घरातले कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूनं झाली. 2019 च्या दुसऱ्या पर्वात काळ मागे नेऊन तेच अण्णा जिवंत उभे केले. त्यांचा शेवट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता, तरी माणसं बघत राहिली. म्हणजे भुतापेक्षा माणसाचा स्वभाव जास्त ओढतो.

'श्वास' (2004) घ्या. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे सिनेमा लपवून ठेवत नाही. मग उरतं काय? त्या मुलाला हे सांगायचं कुणी आणि कसं, एवढंच. अरुण नलावडेंचे आजोबा म्हणून मोठं रडत नाहीत. त्यांचं सगळं बळ ते ओझं वाहण्यात जातं. लेखकानं माहिती वेळेवर दिली की नटाला अतिरेक करावा लागत नाही. माहिती दडपून शेवटी फोडायची असली की नटाला मधले सगळे प्रसंग संशयास्पद चेहरा करून काढावे लागतात, आणि दोष मात्र नटाच्या माथी येतो.

चिपळूण, संकलन

कणकवलीकरांचं शेवटचं वाक्य आमच्या टेबलावर रोज खरं ठरतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा स्त्रीनंतर जोडला. लोकांना त्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. त्यामुळे क्लोजअपवरून अभिनयाचा निवाडा करू नका. निदान कमरेपर्यंतचा, दहा-पंधरा सेकंद न तुटणारा शॉट शोधा. त्यात नट उघडा असतो.

रोजच्या मालिकेत एकच धक्का चार चेहऱ्यांवर फिरतो, त्यामागे हिशेब आहे. अर्ध्या तासाच्या जागेत गोष्टीला साधारण 22 मिनिटं मिळतात, ती आठवड्यातून पाच-सहा दिवस भरायची, आणि प्रत्येक जाहिरातीआधी उत्सुकता ताणणारी एक आकडी टाकायची. लेखन कमी पडलं की प्रतिक्रिया लांबतात. भाग संपल्यावर एक वाक्य लिहून बघा: सुरुवातीला कुणाला जे माहीत नव्हतं, किंवा जमत नव्हतं, ते शेवटी बदललं का? सलग चार भागांत वाक्य लिहिता आलं नाही तर ती गोष्ट उभी आहे, चालत नाही. आणि आकडी पुढच्या भागात कशी सुटते ते टिपा. दारात उभी सावली रोज शेजारच्या काकूंचीच निघाली, तर आठवड्यानंतर खऱ्या भुतालाही कुणी भीत नाही.

देवगड, ध्वनिमुद्रण

डोळे मिटून ऐका. समुद्राजवळ लाटांचा आवाज माइकमध्ये शिरतो, म्हणून बरेच संवाद नंतर स्टुडिओत भरतात. माणूस वाऱ्यात बोलतोय आणि आवाज बंद खोलीतला, हे कानाला लगेच कळतं. डोळे उघडून पडताळायचं तर ओठ बघा: प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेच पाहिजेत. 'बापूस' म्हणताना ओठ उघडे दिसले तर मूळ वाक्य वेगळं होतं.

कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो. पत्र्याखाली माणसं ओरडूनच बोलतात. त्या आवाजात कुजबुजत गुपित सांगणारा नट खोटा वाटतो, पण ती चूक बहुतेकदा त्याची नसते, कारण पाऊस नंतर टाकलेला असतो. पक्ष्यांचंही तसंच. चैत्र-वैशाखात ओरडणारा कोकीळ गणपतीच्या प्रसंगात कशाला?

अलिबाग, छायाचित्रण

थोडक्यात. पाऊस मागून उजेड असेल तरच कॅमेऱ्यात ठसठशीत दिसतो. टँकरचा पाऊस जवळ जाड पडतो आणि मागचं झाड कोरडं राहतं, कधी कधी जमिनीवर उन्हाच्या सावल्याही दिसतात. दिवसा घेतलेली 'रात्र' ओळखायची तर पायाखालची सावली बघा, आणि घरांच्या खिडक्यांत उजेड आहे का ते. भुताच्या गोष्टीत हे महत्त्वाचं, कारण नट ज्याला घाबरतोय तो काळोखच तिथे नसतो.

रत्नागिरी

कुडाळकर, गाऱ्हाण्याबद्दल, म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून घातलेल्या मागण्याबद्दल, सांगाल का? प्रत्येक मालिकेत एक गाऱ्हाणं असतंच.

कुडाळ

गाऱ्हाण्यात सांगणारा एक आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणारे अनेक. बा देवा म्हाराजा म्हणून हाक घातली की एकेका मागणीला पुरा श्वास लागतो, आणि वाक्य होकारापाशीच संपतं. नट मध्येच श्वास घेतो, मग होकार देणाऱ्यांना जागा कळत नाही आणि ते एकेक करून मागून येतात. जमलेल्या गाऱ्हाण्यात होकार एकदम, जड आणि खाली पडतो. सांगणाऱ्याची नजर देवाकडे आणि हात नारळावर. पुष्कळ ठिकाणी त्याला कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं करतात आणि देव पाठीमागे जातो. गाऱ्हाणं कुणाला चाललंय, हेच मग कळत नाही. गावकाराच्या (गावच्या मानकऱ्याच्या) भूमिकेसाठी नट निवडताना त्याला नुसतं वाचायला देऊ नका. मागे सहा माणसं होकाराला उभी करा आणि ऐका.