कांदा निर्यातबंदी: भाव चढला की आदेश, पडला की शांतता

गोदाकाठचा
काल इथे एकाने लिहिलं: "कांदा महागला की निर्यात बंद व्हायलाच हवी. आधी देशाचं पोट, मग दुबईचं. शेतकरी साठवणीच्या चाळीत माल दाबून ठेवतात आणि वर रडतात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

८ डिसेंबर २०२३ पासून बंदी लागली तेव्हा बाजारात कोणता कांदा येत होता? लाल. तो चाळीत कुणी भरत नाही. काढला की विकायचा, नाहीतर कोंब फुटतात, पाणी सुटतं. चाळीत टिकतो तो एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी. मग डिसेंबरात दाबून काय ठेवलं होतं? ऑगस्ट कोरडा गेलेला, नोव्हेंबरअखेर नाशकात गारपीट. त्यातून हाती लागलेला माल ट्रॉल्यांत भरला आणि बंदी आली. लासलगावात क्विंटलचा चार हजारांच्या घरातला भाव महिना-दीड महिन्यात दोन हजारांच्या खाली.

नियंत्रण अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. पण भाव चढला की रातोरात आदेश, आणि पडला की? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पाच क्विंटलवर कांदा विकला. हमाली, तोलाई, भाडं कापून हाती दोन रुपयांचा चेक आला. त्या रात्री कोणता आदेश निघाला?

डोंबिवलीकर
त्या चेकचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. पण राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, ते का लपवता? मी डबे देते. महिन्याचा दर आधी ठरलेला असतो. २०२३ च्या दिवाळीआधी कांदा दुप्पट झाला. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटतं. वाटणात कांदा कमी करून कोबी घातला, तर दोघांनी चव बिघडली म्हणून डबा बंद केला. माझं नुकसान कोण भरून देणार? शेतकऱ्यांची निदान बातमी तरी होते.

गोदाकाठचा
ताई, ३५० रुपये, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलला, आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या सरकारी पीकनोंदीत) नोंद नाही म्हणून किती जण अडकले ते गावात येऊन विचारा. कोबीचं दुःख मोठं की मातीमोल पिकाचं?

डोंबिवलीकर
माझं घर त्या डब्यांवर चालतं. दुःख मोजायला बसू नका.

येवल्याचा पोरगा
तुम्ही दोघं उगाच भांडताय. मुळात खातो तो व्यापारी. निर्यात चालू असो की बंद, त्याचं बिघडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्काविरोधात व्यापाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद ठेवले. सरकारशी भांडण त्यांचं, आणि सडला कुणाचा? चाळीतला वास अजून नाकात आहे. वरचा थर बरा दिसायचा, हात घातला की खाली चिखल. माझ्या भावाला तर त्याआधीच एका व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नव्हता. बाजार समितीत गेलो, तर "आपसात मिटवा" म्हणाले.

कंटेनरवाला
एकाने चेक बुडवला म्हणून सगळे व्यापारी चोर? मी निर्यातदाराकडे कागदपत्रं करतो. १९ ऑगस्टला शुल्क लागलं तेव्हा आमचा माल बंदराच्या वाटेवर होता आणि समोरच्याशी भाव आधीच ठरला होता. वरचे ४० टक्के तो देणार होता का? ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, डिसेंबरात थेट बंदी. चार महिन्यांत तीनदा नियम बदलले. २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की बंदी घालायची तर आधी सांगा तरी. तेव्हापासून काय सुधारलं? आमचं कोलंबोचं गिऱ्हाईक आता पाकिस्तानी माल घेतं.

येवल्याचा पोरगा
गिऱ्हाईक गेल्याचं दुःख तुम्हाला, कारण कमिशन गेलं. भाव चढला तेव्हा आम्हाला किती दिलंत? तेव्हाही वक्कल (ट्रॉलीतला माल) बघून नाक मुरडायचं, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा काढायला लावायचा, आणि तीच गोल्टी विकायची.

कंटेनरवाला
लिलाव खुला असतो. भाव पटत नसेल तर ट्रॉली परत न्या.

येवल्याचा पोरगा
परत न्यायचं भाडं तुम्ही देणार? ट्रॅक्टरवर न बसलेल्या माणसानेच असं बोलावं.

पांढरा कांदा
राजकारण कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. एप्रिल २०२४ मध्ये बंदी असतानाच गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. नाशकात बोंब झाल्यावर सहा देशांसाठीच्या ९९,१५० टनांचा आकडा पुढे आला. ४ मे ला बंदी उठवली, तरी ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलरची अट ठेवलीच. लोकसभेला नाशिकच्या दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या त्या उगाच नाही.

डोंबिवलीकर
आणि १९९८ मध्ये दिल्लीतलं राज्य सरकार कांद्याने पाडलं, ते खाणाऱ्यांनीच. त्यामुळे मंत्री आमच्याकडे बघून आदेश काढतात, हे खरंय. लाल कांदा टिकत नाही हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, डिसेंबरची बंदी चुकीच्या मालावर पडली, एवढं धरा. पण किंमत भडकल्यावर सरकारने हातावर हात धरून बसायचं का, याचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही.

गोदाकाठचा
देतो. उन्हाळी काढणीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये, नाफेडने (केंद्रासाठी शेतमाल खरेदी करणारी सहकारी संस्था) बाजार समितीत उतरून खुल्या लिलावात बोली लावावी आणि तोच साठा महागाईत शहरात विकावा. साठ्याची सोय आजही आहे, पण ती खरेदी लिलावात दिसत नाही. आणि शुल्क लावायचंच तर आधी तारीख सांगून लावा, निघालेल्या मालाला जुना नियम ठेवा.

कंटेनरवाला
शेवटचं वाक्य मान्य. आगाऊ तारीख मिळाली तर आम्ही जास्तीच्या बोलीचा धोका घेऊ शकतो.

येवल्याचा पोरगा
नाफेडने बोली लावली तरी लिलावात माणसं तीच उभी राहणार. आधी शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी खात्यावर, मग बाकीचं बोला.